थ्री-फोर की फोर-थ्री? डॅलसच्या बचावाचा चुकलेला प्रश्न

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आहे. डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचं मुख्यालय तिथेच, आणि आजूबाजूच्या वसाहतींत मराठी घरं आता इतकी झाली आहेत की रविवारी दुपारी सामना असला की कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोह्यांचं पातेलं आणि आठ-दहा माणसं हमखास सापडतात. २०२५ च्या सप्टेंबरात अशाच एका दुपारी न्यूयॉर्क जायंट्सच्या रसेल विल्सनने आमच्या बचावावरून चेंडू फेकत ४५० यार्ड मिळवले. सामना जादा वेळेत ४०-३७ असा जिंकलो, तरी पातेलं आवरताना कुणी फारसं बोलत नव्हतं. दोन आठवड्यांनी ग्रीन बेशी ४०-४० अशी बरोबरी झाली. महिन्यापूर्वीच ग्रीन बेला देऊन टाकलेला आमचा बचावपटू मायका पार्सन्स त्या दिवशी समोरच्या बाजूला उभा होता. तेव्हापासून जिथे चार चाहते जमतात तिथे एकच वाद ऐकू येतो: बचाव थ्री-फोरचा हवा की फोर-थ्रीचा, झोनचा (प्रत्येकाने आपला भाग राखायचा) हवा की मॅनचा (प्रत्येकाने आपला माणूस धरायचा). मला हा वाद मुळातच चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. हरणाऱ्या संघाने पद्धत निवडताना पहिल्यांदा घरात कोण कोण आहे आणि त्यातला कोण काय उत्तम करतो हे पाहावं. त्यांच्याभोवती पद्धत बांधावी, आणि एकदा बांधली की तीन-चार वर्षं तिला हात लावू नये. डॅलसने पंधरा वर्षं नेमकं याच्या उलट केलं आहे.

आकड्यांचा अर्थ आधी बघू. बचावाच्या अकरा जणांपैकी पुढच्या फळीत हात जमिनीला टेकवून तीन लाइनमन आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर, हे थ्री-फोर. चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकर, हे फोर-थ्री. पण हल्ली निम्म्याहून जास्त वेळा संघ एक लाइनबॅकर बाहेर काढून पाचवा पाठचा खेळाडू आणतात. त्याला निकेल म्हणतात, आणि निकेलमध्ये दोन्ही पद्धतींची पुढची फळी लांबून जवळपास सारखीच दिसते. खरा फरक जवळून दिसतो. मधला नोज टॅकल बघा, वजन दीडशे किलोच्या आसपास. एका पद्धतीत तो समोरच्या सेंटरच्या छातीवर दोन्ही पंजे रोवतो, त्याला हातभर अंतरावर धरून ठेवतो आणि त्याच्या खांद्यावरून डोकं काढून चेंडू डावीकडे जातोय की उजवीकडे ते बघतो. डाव्या आणि उजव्या दोन्ही फटी त्याच्याच. दुसऱ्या पद्धतीत तोच माणूस चेंडू हलला की एका फटीत खांदा घालून घुसतो, दुसरी फट दुसऱ्याची. पहिल्याला ताकद आणि संयम लागतो, दुसऱ्याला पहिल्या पावलाचा वेग. एकाच्या जागी दुसरा उभा केला तर फळ्यावरची आकृती कितीही सुंदर असो, मैदानावर तिसऱ्या सेकंदाला भगदाड पडतं. मग वाद तीन आणि चार या आकड्यांवर कशाला घालायचा?

पद्धतवाल्यांकडे पुरावे नाहीत असं मी म्हणणार नाही, आणि ते पुरावे चांगले आहेत. ग्रीन बे २००८ मध्ये ६-१० होतं, म्हणजे सहा विजय, दहा पराभव. पुढच्या वर्षी डॉम केपर्स कोऑर्डिनेटर, म्हणजे बचाव आखणारे प्रशिक्षक, म्हणून आले, फोर-थ्री मोडून थ्री-फोर आणलं, संघ ११-५ झाला, कमीत कमी यार्ड देण्याच्या हिशेबात बचाव लीगमध्ये दुसरा आला, चार्ल्स वुडसन वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि त्याच्या पुढच्या हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. एका वर्षात इतका पालट! पण त्या पालटात कोण होतं तेही बघावं. मध्यभागी दोन्ही फटी सांभाळणारा रायन पिकेट आधीपासून घरात होता. पाठीमागे वुडसन आणि निक कॉलिन्स होते. ज्या दोन जागा रिकाम्या होत्या त्यांच्यासाठी त्याच वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत बी. जे. राजी आणि क्ले मॅथ्यूज अशा दोन निवडी खर्च केल्या. आणि तरीही किंमत मोजावी लागलीच. एरन कॅम्पमन हा हात टेकवून धावणारा उत्तम एंड, म्हणजे कडेचा लाइनमन, २००६ मध्ये साडेपंधरा सॅक घेतलेला (सॅक म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणं). त्याला उभा करून लाइनबॅकर केलं. त्या वर्षी साडेतीन सॅक, मग गुडघा गेला, मग तो संघच सोडून गेला. पद्धत यशस्वी झाली तिथेही ज्याला ती बसली नाही त्याचं असं झालं. जिथे निम्मे खेळाडू कॅम्पमन असतील तिथे काय होईल?

दुसरं उदाहरण माझे मित्र हटकून देतात ते फिलाडेल्फियाचं, आणि डॅलसच्या चाहत्याला ते कबूल करायला जड जातं. २०२३ मध्ये ईगल्स १०-१ वरून घसरत ११-६ वर आले आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात टॅम्पा बेकडून ३२-९ असे हरले. पुढच्या वर्षी विक फँजिओ बचाव सांभाळायला आले, बचाव यार्डांत लीगमध्ये पहिला आला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लीन्सला त्याच बचावाने कॅन्सस सिटीला मध्यंतरापर्यंत एकही गुण दिला नाही. ४०-२२ असा तो सामना. ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसं धाडणं, जवळपास नाहीच, चारच माणसं पाठवून त्यांचा क्वार्टरबॅक मॅहोम्स याला सहा वेळा पाडलं. पद्धतीचा याहून मोठा विजय कुठला, असं विचारलं जातं. पण २०२३ ला बचाव सुरुवातीला ज्यांच्या हातात होता ते शॉन डेसाई फँजिओंच्याच तालमीतले! म्हणजे घराणं तेच आणि संघही तोच. एका वर्षी कोसळला, दुसऱ्या वर्षी विजेता झाला. मधल्या काळात क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डिजीन हे दोन नवे पोरगे मागच्या फळीत आले होते. आणि झॅक बॉन, जो न्यू ऑर्लीन्समध्ये कडेच्या जागेवर फारसा कुणाच्या नजरेत भरला नव्हता, त्याला एका वर्षाच्या साध्या करारावर आणून फँजिओंनी मधला लाइनबॅकर केलं. त्या वर्षी तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. गुरू मोठा होता हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याचं मोठेपण मला आकृतीत दिसत नाही, बॉनला ओळखण्यात दिसतं.

ज्यांना अजून पटत नाही त्यांनी स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. २००७ च्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सचा बचाव त्यांचा, आणि सलग अठरा सामने जिंकून आलेल्या न्यू इंग्लंडला त्या बचावाने सुपर बोलमध्ये चौदा गुणांवर रोखलं. २०१२ मध्ये हेच गृहस्थ न्यू ऑर्लीन्सला होते. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन वर्षभर निलंबित, आणि बचावाने ७,०४२ यार्ड दिले. लीगच्या इतिहासात तोवर एका हंगामात इतके कुणीच दिले नव्हते. २०१५ मध्ये ते पुन्हा जायंट्सकडे, आणि बचाव यार्डांत शेवटचा. २०१६ मध्ये तेच स्पॅग्नुओलो, तीच पद्धत, फक्त ऑलिव्हिए व्हर्नॉन, डेमन हॅरिसन आणि जॅनोरिस जेन्किन्स असे तीन तगडे खेळाडू पैसे मोजून आणलेले. दिलेल्या गुणांच्या यादीत बचाव थेट दुसऱ्या क्रमांकावर. मग कॅन्सस सिटी आणि तीन विजेतेपदं. हा माणूस २०१२ ला मूर्ख होता आणि २०१९ ला अचानक शहाणा झाला का? पुढचा कोऑर्डिनेटर कोण, या प्रश्नावर रात्र-रात्र घालवणाऱ्यांनी या एका कारकिर्दीचं उत्तर द्यावं.

आता आपल्या घरात येऊ, कारण सगळ्यात दुखरी उदाहरणं इथलीच आहेत. २०१३ मध्ये डॅलसने थ्री-फोर मोडून मॉन्टी किफिनना आणलं. किफिन म्हणजे टॅम्पा-टू या पद्धतीचे सहनिर्माते. टॅम्पा बेला त्यांच्या बचावाने २००२ चा हंगाम जिंकून दिला होता, सुपर बोलमध्ये ओकलंडच्या पाच फेकी हिसकावल्या होत्या. पद्धतच सर्व काही असती तर तिच्या जन्मदात्यापेक्षा चांगला शिक्षक कुठे मिळणार होता? डॅलसने त्या वर्षी ६,६४५ यार्ड दिले, लीगमध्ये सर्वाधिक. आणि डेमार्कस वेअर, ज्याला २००५ मध्ये खास थ्री-फोरसाठी निवडलं, ज्याने उभ्याने सुरुवात करून कडेवरून एका हंगामात वीस सॅक घेतले होते, त्याला हात टेकवून बसवलं. तो दुखापतींनी बेजार होताच, त्यात हे. वर्षाअखेरीला सहा सॅक. पुढच्या मार्चमध्ये आपण त्याला सोडलं, तो डेन्व्हरला गेला, आणि तिथल्या बचावाबरोबर सुपर बोल जिंकून निवृत्त झाला. त्या सामन्यात त्याला धावताना बघून आमच्या दिवाणखान्यात जी शांतता पसरली ती मला आजही आठवते.

२०२० मध्ये पुन्हा तेच. मायक नोलन आले, फोर-थ्रीच्या पोरांना थ्री-फोरची भाषा शिकवायला लागले, तीही महामारीमुळे उन्हाळी सराव जवळपास बुडालेला असताना. बचावाने ४७३ गुण दिले, संघाच्या तोवरच्या इतिहासातले सर्वाधिक. पुढच्या वर्षी डॅन क्विन. त्यांची स्वतःची पद्धत सिएटलची, जगाला पाठ असलेली. पण दुसऱ्याच सामन्याआधी डेमार्कस लॉरेन्सचा सरावात पाय मोडला, दुसरा कडेचा खेळाडू कोविडमुळे बाहेर. क्विननी काय केलं? नुकत्याच आलेल्या मायका पार्सन्सला, ज्याला मधला लाइनबॅकर म्हणून निवडलं होतं, लॉस एंजेलिसच्या त्या सामन्यात कडेला उभं केलं. त्या हंगामात पार्सन्सने तेरा सॅक घेतले. कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला रोखणारा पाठचा खेळाडू, ट्रेव्हॉन डिग्ज मुळात चेंडू झेलणारा गडी, त्याला चेंडूवर झेप घ्यायची मोकळीक दिली, त्याने अकरा इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्यांच्या अकरा फेकी हिसकावल्या. संघाने चौतीस वेळा चेंडू हिसकावला, लीगमध्ये सर्वात जास्त. हे सगळं आधी आखून ठेवलेल्या फळ्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

क्विनचं गाडंही शेवटी अडलं, ते लपवायचं कारण नाही. १४ जानेवारी २०२४, आर्लिंग्टनला आपल्याच मैदानावर ग्रीन बे २७-० ने पुढे गेलं आणि ४८-३२ ने जिंकलं. मधल्या जागेवर लेटन व्हँडर एश मानेच्या दुखण्याने बाहेर, तरुण ओव्हरशॉनचा गुडघा आधीच गेलेला, म्हणून सेफ्टी, म्हणजे सर्वात मागे खेळणारा, असलेल्या हलक्या पोराला लाइनबॅकर म्हणून उभं करत हंगाम ढकलला होता. त्याच भागातून एरन जोन्स धावत राहिला, तीन टचडाउन. माणसं संपली होती आणि पद्धत तीच ठेवली होती. माझा मुद्दा क्विनच्या बाजूने जसा लागू होतो तसा त्यांच्या विरुद्धही होतो.

चौदा जानेवारी ही तारीख मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने लागते. खेळातल्या हारीची त्या संहाराशी तुलना मी करणार नाही, पण पद्धतीचा प्रश्न तिथेही होताच. पानिपतावर भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळावर भिस्त ठेवून गोलाची लढाई मांडली. ती पद्धत वाईट होती का? मुळीच नाही. वर्षभरापूर्वी उदगीरला त्याच गारद्यांनी निजामाविरुद्ध आपली किंमत दाखवली होती. पण होळकरांसारखे सरदार आणि त्यांचं घोडदळ दोन-तीन पिढ्या गनिमी काव्यात मुरलेलं. फळी धरून, शेजाऱ्याची बाजू राखत उभं राहणं त्यांच्या हाडात नव्हतं. विंचूरकरांच्या स्वारांनी फळी सोडून चढाई केली आणि गारद्यांच्या तोफांसमोरच आपली माणसं आली, असं सांगितलं जातं. इतिहासकार कारणांवर भांडतात आणि भांडत राहतील. अर्धी फौज एका पद्धतीची आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीची असताना ती एका दिवसात एकजीव होत नाही, एवढं मात्र त्या दिवसाने दाखवलं.

विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. तो असा: या लीगमध्ये खेळाडू टिकतातच किती? सरासरी कारकीर्द तीन-चार वर्षांची, पगाराला मर्यादा, दर वर्षी तिसरा हिस्सा संघ नवा. मग आज घरात असलेल्यांवर पद्धत बांधली तर दोन वर्षांनी ती कुणासाठी? उलट पद्धत पक्की असेल तर कुणाला निवडायचं हे निवड करणाऱ्यांना नेमकं कळतं. पिट्सबर्गने हेच केलं. १९८० च्या दशकापासून थ्री-फोर धरून ठेवलं, आणि बाकीच्या संघांना एंड म्हणून लहान व लाइनबॅकर म्हणून संथ वाटणारी पोरं त्यांना स्वस्तात मिळत गेली. सिएटलने लांब हातांचे, उंच कॉर्नर हवेत असं ठरवलं आणि रिचर्ड शर्मन पाचव्या फेरीत सापडला. २०१२ ते २०१५ सलग चार हंगाम सर्वात कमी गुण दिले. मला हा मुद्दा खोडायचाच नाही. मला फक्त त्यातली अट वाचून दाखवायची आहे: पद्धत टिकली पाहिजे. पिट्सबर्गला ती दशकानुदशकं टिकली. डॅलसने २०११ ते २०२५ या पंधरा हंगामांत बचावाला सात कोऑर्डिनेटर दिले. रॉब रायन, किफिन, मॅरिनेली, नोलन, क्विन, झिमर, एबरफ्लस. त्यात मॅरिनेलींची सहा वर्षं वजा करा, मग उरलेल्या नऊ वर्षांत सहा. दर दीड वर्षाने खरेदीची यादी बदलणाऱ्या घरात स्वस्त भाजी कशी मिळणार? आणि सिएटलची नक्कल करायला निघालेल्यांचं काय झालं? गस ब्रॅडली ती आकृती घेऊन जॅक्सनव्हिलला मुख्य प्रशिक्षक झाले आणि १४ विजय, ४८ पराभव घेऊन परतले. शर्मन, चॅन्सलर आणि अर्ल थॉमस तिकडेच राहिले होते.

टिकवण्याचं शिक्षण डॅलसला बाहेरून घ्यायलाही नको. फोर-थ्रीला आकार देणाऱ्यांत टॉम लँड्री अग्रणी, आणि तेच या संघाचे पहिले प्रशिक्षक. १९६० च्या पहिल्या हंगामात एकही विजय नाही, अकरा पराभव, एक बरोबरी. १९६३ ला ४-१०. गावात त्यांना काढा म्हणून आरडाओरडा चालू असताना मालक क्लिंट मर्चिसन यांनी काय केलं? त्यांना दहा वर्षांचा करार वाढवून दिला. लँड्री तेव्हा फ्लेक्स नावाची पद्धत शिकवत होते, जिच्यात काही लाइनमन थोडं मागे सरकून बसतात, आधी वाचतात आणि मग धावतात. शिकायला ती अवघड आणि वेळखाऊ. पण त्या पद्धतीच्या जनकानेसुद्धा बॉब लिलीला, म्हणजे संघाने ड्राफ्टमध्ये निवडलेल्या पहिल्या खेळाडूला, एंडच्या जागेवर अडखळताना पाहून १९६३ मध्ये आत टॅकलला आणलं, आणि लिली लिली झाला. १९६६ पासून सलग वीस हंगाम हा संघ विजयी बाजूला राहिला. टॅम्पा बेचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक टोनी डंजी यांचंही तेच. १९९६ मध्ये टॅम्पा बेला पहिल्या नऊ सामन्यांत एकच विजय होता आणि त्यांनी काही बदललं नाही. हट्ट म्हणून नव्हे. वॉरन सॅप, डेरिक ब्रुक्स, जॉन लिंच आधीच घरात होते आणि ती पद्धत त्यांच्या अंगाला येत होती. अंथरूण त्यांनी पाहिलं होतं.

२०२५ चे कोऑर्डिनेटर एबरफ्लस यांच्या बचावाबद्दल माझी तक्रार म्हणूनच त्यांच्या आकृतीवर नव्हती. ती पद्धत मुख्यतः झोनची होती, म्हणजे कॉर्नरने आपला भाग राखायचा, मागे सरकत खेळ समोर ठेवायचा. आणि घरात होता डॅरॉन ब्लँड, ज्याने २०२३ मध्ये पाच इंटरसेप्शन थेट टचडाउनपर्यंत पळवून लीगचा विक्रम केला, तेही मुख्यतः माणसाला अंगासरशी धरून. त्या खेळाडूला आठ यार्ड मागे उभं राहताना बघणं मला सहन होत नसे. असंच फिलाडेल्फियाने २०११ मध्ये न्नॅम्डी असोमुहाचं केलं होतं: माणसाला चिकटून खेळणारा त्या पिढीतला सर्वात नावाजलेला कॉर्नर, पाच वर्षांसाठी सहा कोटी डॉलरचा करार, आणि आल्यावर झोनमध्ये उभा. दोन हंगामांत तो संघ ८-८ आणि मग ४-१२.

पार्सन्स गेला, त्यावर रडून झालं. बदल्यात आलेला केनी क्लार्क, नोव्हेंबरात जेट्सकडून आणलेला क्विनेन विल्यम्स आणि आधीचा ओसा ओडिगिझुवा, २०२५ संपताना हे तिघे आतल्या फळीत होते. तिघेही मधून घुसणारे, फट फोडणारे. इतकी ताकद मध्यभागी असताना कुणाला दोन फटी धरून बसवायचं की मोकळं सोडायचं, याचं उत्तर आकड्यात शोधायची गरज उरत नाही. कडेचा धावणारा मात्र नव्हता, आणि २०२६ साठी पहिल्या फेरीत स्वतःच्या निवडीशिवाय पार्सन्सच्या व्यवहारातली ग्रीन बेची निवडही हाताशी आली ती याच कामाची. मागच्या फळीत चिकटून खेळणारे असतील तर त्यांना चिकटू द्या, पुढच्या तिघांमुळे त्यांना फार वेळ धरावं लागणार नाही. आणि दोन वाईट सामन्यांनंतर सगळं उलटंपालटं करू नका.

काउबॉइजचा उन्हाळी सराव कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला असतो. जुलैत तिथली पहिली चित्रफीत आली की बातम्यांत पुन्हा थ्री-फोर, फोर-थ्री सुरू होईल. मी मात्र मैदानाच्या कडेला बघणार आहे, कॉर्नर समोरच्या रिसीव्हरपासून किती यार्डांवर उभा आहे ते.